सुनेच्या हातचा ग्रह

ज्योत हिरवी झाली तेव्हा मांडवातल्या निम्म्या लोकांनी हात जोडले आणि उरलेल्यांनी मोबाईल वर केले. कामरगावच्या अलीकडे पंजाबरावांची संत्र्याची बाग आहे, तिथं भर दुपारी काळ्या ताडपत्र्या लावून अंधार केला होता. बाहेर मे महिन्याचं ऊन माणसाला भाजून काढत होतं आणि आत माणसं एकमेकांच्या घामात उकडत होती. पण उठून जायला कोणी तयार नव्हतं, कारण पाटावर हरीओम महाराज बसले होते आणि त्यांच्या पुढ्यातल्या पणतीत जे जळत होतं ते आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

हे महाराज आधी लग्नात डीजे वाजवायचे. धूर कधी सोडायचा, दिवा कोणत्या रंगाचा लावायचा, माईकवर आवाज कुठं घुमवायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. धंदा बसला तेव्हा एवढी विद्या वाया जाऊ नये म्हणून की काय, देवानं त्यांना साक्षात्कार दिला. तेव्हापासून ते घरोघर ‘ग्रहज्योत’ लावतात. नियम साधा होता. वात घरच्या कापसाची हवी आणि घरच्या सुनेच्या हातची हवी. तिला हळदकुंकू लावायचं, महाराज ती पणतीत ठेवणार, कमंडलूतलं तीर्थ तिच्यावर ओतणार आणि काडी लावणार. ज्योत निळसर यायची. निळी म्हणजे शनी. महाराज ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरी शनीच निघाला. बिचाऱ्याला कारंजा तालुका सोडून दुसरीकडे जायला फुरसतच नव्हती. मग महाराज चिमूटभर अंगारा टाकायचे आणि ज्योत सोन्यासारखी पिवळी व्हायची. शनी गेला. बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

पंजाबरावांच्या बागेत झाडं वाळू लागली होती. खोडातून डिंक गळायचा, साल फाटायची आणि उभं झाड बसून जायचं. पंजाबरावांनी त्यावर दुकानातून मोरचूद आणि चुना आणला, आणि त्यांच्या बायकोनं, भागिरथाबाईनं, महाराजांना बोलावलं. दोन्ही औषधं एकाच दिवशी आली.

वात केली होती सपनानं, त्यांच्या सुनेनं. तिच्या वातीची ज्योत निळी आलीच नाही. पेटली तीच हिरवी. महाराजांनी सवयीनं अंगारा टाकला, तर ती पिवळी व्हायची सोडून आणखीच हिरवी भडकली, मोराच्या मानेसारखी. त्या क्षणी महाराजांचा हात मागे आला आणि तोंडातून हळूच निघालं, “अबे, हे काय?”

माईक बाजूला होता म्हणून ते लोकांना ऐकू गेलं नाही. वात पुढं करायला सपना पाटाजवळच बसली होती, तिला ते स्पष्ट ऐकू आलं.

महाराजांनी डोळे मिटले. डीजेवाल्याला सीडी अडकली तर वेळ मारून नेता येते, यांना तर उभा मांडव हातात होता. डोळे उघडले तेव्हा आवाजात घुमारा आला होता. नऊ ग्रह माझ्या मुठीत आहेत, ते म्हणाले, पण हा नवातला नाही. हा आपल्या सूर्याचाच नाही, दुसऱ्या सूर्याचा आहे. शास्त्रज्ञांना आता कुठं दुर्बिणीतून असे ग्रह दिसू लागलेत आणि तिथली हवा विषारी आहे म्हणून ते सांगतात. मी ती हवा ध्यानात हुंगून आलोय. अशी बातमी मोबाईलवर बहुतेकांनी पाहिली होती, त्यामुळे विज्ञानाचीही साक्ष झाली. मग महाराजांनी माईक तोंडाशी घेतला.

“वात कोणाच्या हातची?”

सगळ्या माना सपनाकडे वळल्या.

पुढचं फार भराभर झालं. हिच्या हाताला, श्वासाला, दुधाला त्या ग्रहाची हवा लागली आहे. बाग त्यामुळेच वाळते आहे. अवसेपर्यंत हिला अलग ठेवा, मूल हिच्या अंगाशी देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, महाराजांनी बजावलं, ही आता जे बोलेल ते ही बोलणार नाही, तो ग्रह बोलेल. सपनाची मुलगी चिमी सात महिन्यांची होती. भागिरथाबाईनं तिला सपनाच्या मांडीवरून उचललं, ते इतक्या घाईनं की पोरीचं एक पैंजण सपनाच्या साडीत अडकून राहिलं.

बागेच्या कडेला फवारणीचं सामान ठेवायची पत्र्याची खोली आहे. तिथं सपनाला बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. पुण्याला कंपनीत असलेल्या नवऱ्याला, राजपालला, तिनं घरच्यांनी मोबाईल काढून घेण्याआधी एक फोन केला होता. तो म्हणाला, आई म्हणते तसं थोडे दिवस कर, मी सुट्टी टाकून येतो. त्याची सुट्टी काही मंजूर झाली नाही.

पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात माणूस कसा राहतो हे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी नऊलाच पत्रा तापायचा. आत जुने फवारणी पंप, रिकामे डबे, अर्धवट वापरलेलं मोरचुदाचं पोतं आणि एक बाज. एका हाताएवढी खिडकी, तिला गज. बागही तशीच अडकलेली होती. मृगाचा बहार धरायचा म्हणून झाडांचं पाणी महिनाभर तोडलं होतं, ताणावर सोडली होती, मोटार बंद. पानं कोमेजून खाली मान घालून उभी होती. भागिरथाबाई दोन वेळा भाकरी खिडकीतून द्यायच्या आणि तोंडाला पदर लावून परत जायच्या. सपनानं पहिल्या दिवशी ओरडून पाहिलं, दुसऱ्या दिवशी समजावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी हात जोडले. प्रत्येक वेळी भागिरथाबाईचा चेहरा आणखी पांढरा पडला. ग्रह ओरडत होता, ग्रह समजावत होता, ग्रह हात जोडत होता. खरं बोलायची एकही वाट त्या माणसानं मोकळी ठेवली नव्हती.

घर हाकेच्या अंतरावर होतं. चिमी रडायची ते ऐकू यायचं. तिला बाटली लावली होती आणि ती बाटली तोंडात धरत नव्हती. इकडे सपनाची छाती दगडासारखी व्हायची. ती भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकायची, आटू नये म्हणून, आणि कोरड्या मातीत ते मुरताना बघत बसायची. तिला राग यायचा तो महाराजांचा कमी आणि स्वतःचा जास्त. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली बाई, वाशीमच्या ज्युनियर कॉलेजात दोन वर्षं तासिकेवर शिकवलेली, आणि एका पणतीनं तिला कोंडून ठेवलं होतं.

आणि तोंडी लावायला ग्रह कोणता, तर दुसऱ्या सूर्याचा. एम.एस्सी.ला तिचा प्रकल्पच त्यावर होता. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेत काय आहे हे इथं बसून कसं ओळखतात, यावर तिनं रात्रीचा दिवस केला होता. महाराजांनी तिचं आवडतं गाणं चोरून त्यावर वरात नाचवली, असं तिला वाटलं आणि त्या उकाड्यातही हसू आलं.

हसू आलं तशी ती जरा भानावर आली. महाराजांचा हात मागे का आला, हा प्रश्न तिनं पहिल्यांदा नीट विचारला. जादू ज्याची असते तो दचकत नाही. म्हणजे निळी आणि पिवळी ज्योत त्याची होती, हिरवी नव्हती. तीर्थ नेहमीचं, अंगारा नेहमीचा, पणती नेहमीची. नवीन काय होतं? वात. वातीत घरचा कापूस आणि तिचे हात. कापूस सगळ्यांचाच सारखा. तिनं आपले हात उजेडात धरले. नखांच्या कडेला अजून निळसर रेघ होती.

त्या दिवशी सकाळपासून ती झाडांच्या खोडांना बोर्डो लावत होती. मोरचुदाची पोटली पाण्याच्या ड्रममध्ये सोडून विरघळवायची, मग वेगळ्या बादलीत चुना कालवून दोन्ही एकत्र करायचं, असं ते काम. महाराजांची गाडी ठरल्या वेळेआधीच आली. वात कर, वात कर, म्हणून सासूबाईंनी हाक मारली. मोटार बंद, बागेत दुसरं पाणी नाही, म्हणून तिनं त्याच ड्रममध्ये हात बुडवून चोळले आणि ओल्या हातांनीच कापूस वळला. वरून हळदकुंकू लागलं, निळसर डाग झाकला गेला. मोरचुदात तांबं असतं. तांबं ज्योतीत गेलं की ज्योत हिरवी होते. बारावीच्या पोराला विचारलं तरी सांगेल. त्यात मीठ पडलं तर तो हिरवा रंग निळसर होऊन आणखी खुलतो. म्हणजे अंगारा मिठाचा होता! मिठानं साधी ज्योत पिवळी होते, म्हणूनच सगळ्यांच्या ज्योती पिवळ्या व्हायच्या.

सगळं उलगडलं आणि तिला रडू आलं, कारण उलगडून उपयोग काय? ती सांगेल ते ग्रहच सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी गुलाम नबी बाग पाहायला आले. ते संत्र्याचे व्यापारी, पंजाबरावांची बाग वर्षानुवर्षं तेच घ्यायचे. बरोबर त्यांची मुलगी नाजिया होती. ती कामरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि कॉलेजपासून सपनाची मैत्रीण. गावात कुजबुज ऐकूनच ती आली होती. बाप पंजाबरावांशी झाडांचं बोलत राहिला आणि ती फिरत फिरत खोलीमागे आली. सपनाला बघून तिनं आधी खिडकीचे गज हलवून पाहिले. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाते, असल्या कामांसाठी कायदा आहे.

“थांब,” सपना म्हणाली. “पोलिस कुलूप काढतीन. पन पोरगी माह्या अंगावर कोन देईन? ह्या घरात मी ग्रहच राहीन जन्मभर.”

“मग काय अशीच सडतं का इथं? तू सांग न त्यायले, मोरचूद हाय म्हनून.”

“मी सांगितलं तं ग्रह सांगते. मी दाखवलं तं ग्रह दाखवते. माह्या हातानं काईच होत नाई आता.”

नाजियाला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. अवसेला महाराज पुन्हा येणार होते, तोवर थांबायचं ठरलं. त्या दिवशीही कुलूप निघालं नाही तर मात्र ती सरळ ठाण्यात जाणार होती. जाताना सपनानं तिला एक गोष्ट आणायला सांगितली, कॉलेजात दोघींनी बनवली होती तसली खोक्याची आणि डीव्हीडीच्या तुकड्याची दुर्बीण. दुर्बीण कसली, बुटाचं खोकं, एका बाजूला बारीक फट, आत चकचकीत तुकडा. पण उजेड त्यातून पाहिला की त्याचे सुटे सुटे रंग दिसतात.

अवसेच्या दिवशी सकाळी सपनानं खिडकीतून पाहिलं, भागिरथाबाई झाडं रंगवत होत्या. ग्रह लागलेल्या बागेत मजूर यायला तयार नव्हते आणि मृग तोंडावर आला होता, तेव्हा म्हातारी स्वतःच कुंचा घेऊन खोडामागून खोड निळं करत होती. कोपरापर्यंत हात माखले होते. दुपारी महाराजांची गाडी वाजली. पंजाबरावांनी घाई केली. सून आत कोंडलेली, तेव्हा आजची वात घरच्या दुसऱ्या बाईनं करायची होती, म्हणजे सासूनं. भागिरथाबाई उठल्या, ड्रमजवळ आल्या, हात बुडवले, चोळले, पदराला पुसले आणि कापूस घेऊन सावलीत वळायला बसल्या.

खिडकीपासून त्या पाच पावलांवर होत्या. सपनाच्या ओठांवर शब्द आला होता. आत्याबाई, हात चांगले धुवा. एवढंच म्हणायचं होतं. ती गज धरून उभी राहिली आणि गप्प बसली. पुढं या बाईवर काय कोसळणार आहे हे तिला लख्ख दिसत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात घरातून चिमी रडली, पूर्वीसारखी मोठ्यानं नाही, दमून गेलेल्या पोरासारखी, आणि मग तिला लाज वाटायची थांबली.

या खेपेला गर्दी दुप्पट होती. जवळच्या खेड्यांतून जीपा भरून आल्या होत्या. मांडवाची एक ताडपत्री खोलीच्या बाजूनं वर बांधली होती, ग्रह कसा तळमळतो ते लोकांना दिसावं म्हणून. महाराजांनीही तयारी वाढवली होती. अंगाऱ्याचा वाडगा मोठा होता. आज अवस, आज त्या परक्या ग्रहाला मी त्याच्या सूर्याकडे परत धाडतो, असं म्हणून त्यांनी वात पणतीत ठेवली, तीर्थ ओतलं आणि काडी लावली.

ज्योत हिरवी आली.

महाराजांनी मूठभर अंगारा टाकला. कडा पिवळी झाली, पण आतली हिरवी ज्योत निळसर होत उसळली. महाराजांनी पंजाबरावांना विचारलं, वात त्याच पोरीच्या हातची लावली काय? पंजाबराव म्हणाले, नाही महाराज, हिच्या हातची. आणि त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

आता महाराज अडकले. पण इतक्या लोकांपुढं थांबता येत नाही, आणि थांबता येत नसलं की माणूस पुढचं पाऊल खड्ड्यात टाकतो. ग्रह पसरला आहे, ते म्हणाले. सुनेकडून सासूकडे गेला. आता या बाईलाही आत घाला.

बायका भागिरथाबाईजवळून सरकल्या. मागच्या खेपेला ज्या त्यांच्या शेजारी बसून सपनाकडे बघत होत्या त्याच बायका. भागिरथाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की लोकांना पुढं वाकावं लागलं.

“मले कायचा ग्रह? मी तं सकायपासून झाडं रंगवून राह्यली.”

खिडकीतून सपना म्हणाली, “आत्याबाई, मीबी त्या दिवशी झाडंच रंगवत होती.”

ती ओरडली नाही. ओरडायची गरज नव्हती. भागिरथाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. महाराज माईकवर म्हणू लागले की ऐकू नका, ग्रह बोलतो आहे. पण ज्या बाईला आता स्वतःलाच ग्रह ठरवलं होतं तिच्यावर या वाक्याचा परिणाम होत नव्हता. ती उठली, खिडकीपाशी आली आणि बऱ्याच दिवसांनी पदर तोंडाला न लावता सुनेशी बोलली.

“हात तू कायच्यात धुतले होते?”

“ड्रमात. तुमीबी ड्रमातच धुतले. मामाजींना म्हना, कोरा कापूस घ्या, ड्रमात बुडवा अन् पेटवा. मी हात लावत नाई, तुमीबी लावू नका.”

पंजाबराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी कोणाकडे न बघता पोत्यातून कापूस काढला, ड्रममध्ये बुडवला, पिळला, पणतीत ठेवला आणि कमंडलूला हात घातला. महाराज म्हणाले, तीर्थाला स्पर्श करू नका, भस्म व्हाल. पंजाबराव म्हणाले, झालो तं झालो, आणि ओतलं. ज्योत हिरवी आली. दुसरा कापूस त्यांनी नुसता कोरा पेटवला. ती निळसर, प्रत्येक घरातला जुना शनी. त्यावर त्यांनी वाडग्यातला अंगारा टाकला आणि शनी सोन्याचा झाला. मग त्यांनी बोटाला लागलेला अंगारा जिभेवर ठेवला.

“मीठ हाय,” ते म्हणाले. “राखेत मीठ कालवलं हाय.”

नाजिया गर्दीतून पुढं आली. तिनं कमंडलूतलं तीर्थ तळहातावर घेऊन चोळलं आणि पहिल्या रांगेतल्या बायांना हुंगायला दिलं. त्या वासाला नाव सांगायची गरज पडली नाही. कोरोनात गावातल्या प्रत्येक माणसानं तो हाताला चोळला होता. कोणीतरी मागून म्हणालं, अरे हे तं सॅनिटायझर, म्हनूनच निळी पेटते! मांडवात पहिल्यांदा हसू फुटलं, आणि कोणाच्याही महाराजपणाला हसण्याइतकं औषध दुसरं नाही. हरीओमनं पाट सोडला तो पोलिस आल्यावर डीजेवालाही स्टेज सोडणार नाही इतक्या चपळाईनं. गाडी मात्र गुलाम नबींच्या टेम्पोनं अडवली होती. त्यांना म्हणे ती तिथंच लावायची होती.

पंजाबरावांनी कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं. सपना बाहेर आली तेव्हा उजेडानं तिचे डोळे मिटले गेले. लोक बाजूला झाले, या वेळी भीतीनं नाही, पण का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिला सगळ्यात आधी घरात पळायचं होतं. भागिरथाबाई आधीच पोरीला आणायला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत एका म्हाताऱ्यानं सपनाला विचारलं, पोरी, मग तो दुसऱ्या सूर्याचा ग्रह खोटा का? बातमी तं आमी पाह्यली होती.

“ग्रह खरे हायत,” ती म्हणाली. “खोटा हा माणूस हाय.”

नाजियानं पणत्या ओळीनं लावल्या, एकीत मीठ, एकीत मोरचूद, आणि खोकं लोकांच्या हातात दिलं. मिठाच्या ज्योतीत एकच पिवळी रेघ दिसायची, मोरचुदाच्या ज्योतीत हिरव्या-निळ्या पट्ट्या. ज्यानं त्यानं डोळा लावून पाहिलं. सपनानं सासऱ्यांना विचारलं, बोर्डो कालवल्यावर तुम्ही त्यात विळा का बुडवता? पंजाबराव म्हणाले, चुना कमी पडला तं विळ्यावर लाल तांबं चढते, मंग अजून चुना टाका लागते. डोळ्यांनी तांबं दिसतं का पाण्यात, तिनं विचारलं. नाही दिसत. विळा सांगतो. तर मग, ती म्हणाली, शास्त्रज्ञांचा विळा म्हणजे उजेड.

आणि तिनं सांगितलं. त्या ग्रहांवर कोणी गेलेलं नाही, जाणारही नाही, इतके ते लांब. पण काही ग्रह फिरता फिरता आपल्या ताऱ्यापुढून जातात, तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड त्या ग्रहाच्या हवेच्या काठातून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक पदार्थाचे आपले रंग ठरलेले असतात. पेटला की तेच रंग देतो, आणि मागून मोठा उजेड आला की तेच रंग खाऊन टाकतो. मग उजेड फोडून बघायचा, कोणते रंग कमी आले ते मोजायचे. त्यातले पुष्कळ रंग तर आपल्या डोळ्यांना दिसतही नाहीत, यंत्राला दिसतात. इथली वाफ जो रंग खाते तोच तिथं कमी पडला तर तिथं वाफ आहे. एवढी साधी गोष्ट, फक्त फार जपून केलेली.

“अन् जपून म्हंजे कसं,” ती म्हणाली. “एकदा दिसलं म्हनून कोनी ग्रहाचं नाव घेत नाई. आधी पाह्यतात, हा रंग आपल्या यंत्राचा तं नाई? ताऱ्यावरच्या डागाचा तं नाई? दुसरे लोक दुसऱ्या दुर्बिणीनं पाह्यतात, भांडतात, पुन्हा पाह्यतात. लाखो कोटी कोसांवरच्या ग्रहावर बोट ठेवाच्या आधी ते आपला हात तपासतात. माह्या बाबतीत माहा हात कोनी पाह्यला नाई. नखं निळी होती माही. एकानंबी पाह्यलं नाई.”

जातेवेळी दोनतीन जणांनी सांडलेल्या अंगाऱ्याच्या पुड्या गुपचूप खिशात घातल्याच. असू दे म्हणाले. नाजियानं दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार दिली, तिच्यावर पहिली सही पंजाबरावांची होती. हरीओम सुटेलही, दुसऱ्या तालुक्यात वेगळ्या रंगाची ज्योत लावेलही. त्याला अडवणं पोलिसांचं काम आहे, पण त्याचं दुकान पोलिसांमुळे चालत नाही, ते आपल्यामुळे चालतं. ज्या औषधानं झाडं वाचणार होती त्याच औषधाचा आपण ग्रह केला, आणि कुलूप काही आकाशातून पडलं नाही, घरातलंच होतं. कोणी तुमच्या घरात ग्रह काढला तर त्याला एवढंच विचारा, वात दुसऱ्या कोणी वळली असती तर काय झालं असतं? तो चिडला तर समजा. ज्याच्याकडे खरं असतं त्याला पुन्हा करून दाखवायला राग येत नाही.

त्या दिवशी लोक पांगत असताना भागिरथाबाई चिमीला घेऊन आल्या; पोरगी झोपली होती, उठवून आणायला वेळ गेला. पोरीचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं होतं, गाल उतरले होते. सपनानं हात पुढं केले तेव्हा तिनं आईकडे पाहिलं, ओठ काढले आणि आजीचा पदर घट्ट धरला. ओळखलंच नाही. सपनाला तोवर आवरलेलं सगळं एकदम आलं. ती उभ्या जागी खाली बसली. माफ कर वगैरे भागिरथाबाई म्हणाल्या नाहीत, त्यांना ते जमलंच नसतं, आणि म्हटलं असतं तरी सपना त्या दिवशी माफ करणार नव्हती. त्यांनी पोरीची मूठ सोडवली, तिला सपनाच्या मांडीवर ठेवलं आणि पोरगी आजीकडेच बघते आहे हे पाहून स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. चिमी बराच वेळ रडली. मग दमून तिनं तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. दूध फार नव्हतं, पण आटलं नव्हतं, आणि हळूहळू ती प्यायला लागली.